गॅप इयरमध्ये परदेशी शाळेत इंग्रजी शिकवायला मदत करायची आहे? बडोद्यातून तयारी अशी करा

बारावी किंवा पदवी झाली की एक वर्ष थांबायचं आणि त्यातले काही महिने परदेशातल्या एखाद्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षकाला मदत करायची, हा विचार आता दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग इथल्या मराठी घरांतही बोलला जातो. माझ्याकडे विचारायला येणाऱ्या मुलांनी इंटरनेटवर भरपूर वाचलेलं असतं, आणि घोळ तिथेच होतो. त्या लिखाणातला मोठा भाग ब्रिटिश किंवा अमेरिकन पासपोर्टवाल्यांसाठी असतो. त्यांना देश आवडला की विमानाचं तिकीट काढता येतं. आपल्याला तसं जमत नाही. उदाहरणार्थ, दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा मुख्यतः ७ इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. मुलाखतीत तुमचं इंग्रजी कितीही छान झालं तरी पासपोर्टचा रंग बदलत नाही.

म्हणून आपला क्रम वेगळा ठेवायचा. आधी बडोद्यातल्याच एखाद्या वर्गात हात बसवायचा, मग कोणता देश कायद्याने काम करू देतो ते पाहायचं, त्यानंतर शाळा किंवा संस्था निवडायची आणि तिकीट सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलं आहे.

वर्ष कधी घ्यायचं

माझं मत स्पष्ट आहे. शक्य असेल तर पदवीनंतर घ्या. बारावीनंतर बरीच मुलं अजून १७ वर्षांची असतात, आणि बहुतेक कार्यक्रमांना किमान १८ वर्षं पूर्ण लागतात. शिवाय १७-१८ वर्षांच्या मुलाला नववीच्या वर्गासमोर उभं केलं तर समोरची मुलं त्याच्यापेक्षा जेमतेम तीन-चार वर्षांनी लहान असतात, आणि वर्ग हातात राहत नाही.

तरीही बारावीनंतरच जायचं असेल तर प्रवेशाचा विचार आधी करा. गुजरातमधल्या सरकारी विद्यापीठांचे पदवी प्रवेश आता जीकास या सामायिक पोर्टलवरून होतात, एम. एस. युनिव्हर्सिटीचेही. प्रवेश घेऊन जागा वर्षभर राखून ठेवता येईल असं गृहीत धरू नका. ज्या फॅकल्टीत जायचं तिथल्या कार्यालयात जाऊन विचारा आणि उत्तर शक्यतो लेखी घ्या. पुढच्या वर्षी प्रवेश घेताना मधल्या काळाचं प्रतिज्ञापत्र मागितलं जाऊ शकतं. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून मिळणाऱ्या या कागदाला सगळे 'गॅप अ‍ॅफिडेव्हिट' म्हणतात. शाळेचं अनुभवपत्र सोबत जोडलं की पुढचे प्रश्न कमी होतात.

पदवीच्या मध्येच थांबायचं असेल तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने एक वाट ठेवली आहे. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट किंवा दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं आणि क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. पण परत आत येण्याचे नियम आपल्या फॅकल्टीकडूनच समजून घ्या. कॅन्टीनमधल्या सिनियरचं ऐकून वर्ष पणाला लावू नका.

आधी इथला वर्ग

सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. त्यांच्या राजधानीत शिकवायला वर्ग मिळत नाही ही सबब चालण्यासारखी नाही. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा शहरभर आहेत, त्यांत मराठी माध्यमाच्याही आहेत. मुख्याध्यापकांना भेटा, आठवड्यातले दोन-तीन दिवस शाळा सुटल्यावर किंवा इंग्रजीच्या तासाला मदत करतो असं सांगा, आणि परवानगीचा अर्ज लेखी द्या. तिथे जमलं नाही तर वस्तीतले अभ्यासवर्ग, वाचनालयं, मंडळांचे उन्हाळी वर्ग आहेतच. किमान तीन महिने हे करा. मला हा टप्पा सर्टिफिकेटपेक्षा मोलाचा वाटतो, कारण शिकवणं आपल्याला आवडतं की फक्त परदेश आवडतो, याचं उत्तर इथेच मिळतं.

मदतनीस म्हणून करायचं काय, हे नीट समजून घ्या. मुख्य शिक्षक वर्ग चालवतात. तुम्ही चार-पाच मुलांचा गट घेऊन वाचून घेता, संवाद म्हणून दाखवता, जोड्या लावून बोलायला लावता, वह्या तपासता, मागे पडलेल्या मुलाशेजारी बसता. फळ्यासमोर उभं राहून भाषण करायचं काम यात जवळजवळ नाहीच. ज्यांना त्याचीच हौस आहे त्यांची निराशा होते.

सरावात काही सवयी मुद्दाम लावून घ्या. मूल चुकलं की पूर्ण वर्गासमोर दुरुस्त करायचं नाही. तेच वाक्य आपण बरोबर म्हणून दाखवायचं आणि पुढे जायचं. सूचना छोट्या द्यायच्या आणि दिल्यावर 'समजलं का?' असं विचारायचं नाही, कारण सगळी मुलं 'हो' म्हणतात. त्याऐवजी एका मुलालाच सूचना परत सांगायला लावायची. स्वतः कमी बोलायचं. तासाभरात तुम्ही किती बोललात आणि मुलं किती बोलली, हे फोनवर रेकॉर्ड करून एकदा ऐका, शाळेची परवानगी घेऊन. बहुतेकांना धक्का बसतो.

उच्चारांची भीती बाळगू नका, पण काळजी घ्या. आपण बडोदेकर मराठी बोलतो, गुजराती ऐकत वाढतो, आणि 'हॉल'चा 'होल' आणि 'स्नॅक्स'चं 'स्नेक्स' कधी होतं ते आपल्याला कळतही नाही. 'व्ही' आणि 'डब्ल्यू'मधला फरक तर मराठी कानाला मुद्दाम शिकावा लागतो. ज्या शब्दाची शंका आली तो शब्दकोशाच्या ॲपमध्ये ऐका. अमेरिकन ढब आणायची काही गरज नाही. स्पष्ट, संथ भारतीय इंग्रजी मुलांना चांगलं समजतं. आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. आपण स्वतः इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकलो, त्यामुळे 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द' कुठे लावायचं हा गोंधळ आपल्याला आतून माहीत असतो. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला तो समजावून सांगणं अवघड जातं.

सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात. ऑनलाइन टेफल (इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवण्याच्या) अभ्यासक्रमांत १२० तासांचा अभ्यासक्रम किमान मानला जातो. खूप स्वस्तातले कागद बाजारात भरपूर आहेत, त्यांना फारसा अर्थ नाही. केंब्रिजचा सेल्टा हा इंग्रजी शिकवण्याचा अभ्यासक्रम खरा दर्जेदार आहे, त्यात प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर ६ तास शिकवून मूल्यमापन होतं, पण तो महाग आहे आणि काही महिन्यांच्या स्वयंसेवेसाठी घेण्यासारखा नाही. पुढे हाच पेशा करायचा असेल तरच त्याचा विचार करा. ब्रिटिश कौन्सिलच्या शिक्षकांसाठीच्या मोफत साहित्यावर सुरुवात चांगली होते.

कोणता देश: आधी व्हिसा वाचा

इथे एक गैरसमज मोडायला हवा. 'पगार घेत नाही, म्हणजे पर्यटक व्हिसावर चालतं' असं पुष्कळ लोक बिनधास्त सांगतात, त्यात संस्थांचे प्रतिनिधीही असतात. कितीतरी देशांच्या कायद्यात बिनपगारी कामही कामच असतं. थायलंडमध्ये स्वयंसेवकाला योग्य नॉन-इमिग्रंट व्हिसा लागतोच, वर वर्क परमिटही लागतं. टांझानियात स्वयंसेवकांसाठी क वर्गाचा रहिवास परवाना असतो. व्हिएतनामचा ९० दिवसांचा ई-व्हिसा सहज मिळतो, म्हणून शिकवायची परवानगी मिळाली असं होत नाही. पकडलं गेलं तर दंड, हकालपट्टी आणि पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात त्या नोंदीचं ओझं, हे सगळं तुमच्या नावावर येतं. संस्थेच्या नाही.

आपल्या मुलांसाठी पहिली निवड म्हणून मी नेपाळ सुचवते. भारतीयांना नेपाळात व्हिसा लागत नाही, आणि १९५० च्या मैत्री करारात दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्या-फिरण्याची मोकळीक दिलेली आहे. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्ड तुमच्या वयाच्या माणसाला चालत नाही, विमानतळावर त्यावरून परत फिरावं लागतं. नेपाळी लिपी देवनागरी आहे, त्यामुळे पहिल्याच दिवशी बसची पाटी, शाळेचा फलक, मुलांची नावं तुम्ही वाचू शकता. समजायला थोडे दिवस लागतील. वाचता येणं मात्र फुकटात मिळतं, आणि वर्गात त्याचा उपयोग होतो.

जायचा मार्गही परवडणारा आहे. बांद्रा-बरौनी अवध एक्स्प्रेस बडोद्यावरून गोरखपूरला जाते, तिथून बसने सोनौली, सीमा ओलांडली की भैरहवा, आणि पुढे पोखरा किंवा काठमांडूच्या बस. प्रवास लांब आणि दमवणारा आहे. पण सामान भरपूर नेता येतं.

नेपाळचं शालेय वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यात सुरू होतं. दशैं आणि तिहार म्हणजे आपला दसरा-दिवाळी, तेव्हा शाळांना मोठी सुट्टी असते. त्यामुळे एप्रिल-मे किंवा तिहारनंतरचा काळ निवडा. सप्टेंबरअखेर पोहोचणाऱ्याच्या वाट्याला बंद शाळा येते. आठवड्याची सुट्टी शनिवारी असते. तिथल्या सरकारी मदतीवरच्या शाळांना 'सामुदायिक विद्यालय' म्हणतात आणि खाजगी शाळांना लोक सर्रास 'बोर्डिंग' म्हणतात, मुलं घरी जात असली तरीही. मदतनिसाची खरी गरज सामुदायिक शाळांत असते.

आफ्रिकेचा विचार करणाऱ्यांना टांझानिया. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत शिक्षण स्वाहिलीतून होतं आणि माध्यमिकला गेल्याबरोबर सगळे विषय इंग्रजीतून सुरू होतात. त्या उंबरठ्यावर अडखळणाऱ्या मुलांना इंग्रजीची मदत अगदी हवी असते. बडोद्यातल्या कितीतरी गुजराती कुटुंबांचे नातेवाईक पूर्व आफ्रिकेत आहेत. तुमच्या सोसायटीत विचारलंत तर दार-एस-सलाममधला कुणाचातरी मामा निघेल. त्यांच्याकडून संस्थेची चौकशी करून घेणं हे कुठल्याही ऑनलाइन अभिप्रायापेक्षा भरवशाचं.

आणि फ्रान्स. हा मार्ग थोड्यांसाठीच आहे, पण ज्यांना जमतो त्यांच्यासाठी उत्तम. फ्रान्सच्या सरकारी शाळांत इंग्रजीचे मदतनीस म्हणून भारतीय तरुणांना घेतलं जातं, आठवड्याला १२ तास, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल असे ७ महिने, आणि महिन्याला सुमारे ८०० युरो हातात. अर्ज फ्रान्सच्या भारतातल्या दूतावासामार्फत होतो. पदवीचं शिक्षण आणि फ्रेंच किमान बी-१, म्हणजे मध्यम पातळीचं लागतं. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या आर्ट्‌स फॅकल्टीत फ्रेंचचा विभाग आहे, म्हणजे ज्याला हे करायचं आहे त्याने पहिल्या वर्षीच फ्रेंच धरावं. काही महिन्यांत बी-१ होत नाही. पॅरिस मिळेल अशी आशाही ठेवू नका, छोट्या गावातल्या शाळेची तयारी ठेवा. ८०० युरोत छोटं गावच परवडतं.

भूतान जवळचा आणि सुंदर, पण भारतीयांनाही तिथे दर रात्रीचं १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे. दोन-तीन महिन्यांचा गुणाकार करून पाहा, मग बोलू.

संस्था: प्रश्न विचारायची लाज सोडा

शाळेपर्यंत पोहोचायच्या वाटा साधारण तीन. विद्यार्थ्यांची आयसेकसारखी संघटना, जी १८ ते ३० वयाच्या मुलांना सहसा ६ ते ८ आठवड्यांच्या प्रकल्पांवर पाठवते. वर्कअवेसारखी संकेतस्थळं, जिथे वार्षिक सभासद शुल्क भरून तुम्ही थेट यजमानाशी बोलता आणि साधारण दिवसाला ५ तास, आठवड्याला ५ दिवस कामाच्या बदल्यात राहणं-जेवण मिळतं. आणि मोठं कार्यक्रम शुल्क घेऊन सगळी व्यवस्था लावणाऱ्या कंपन्या. तिसऱ्या प्रकाराला माझा सरसकट विरोध नाही, पण शुल्काची फोड मागितल्याशिवाय एक रुपया भरू नये. राहण्याला किती, जेवणाला किती, शाळेला प्रत्यक्ष किती आणि कंपनीकडे किती. फोड द्यायला जे टाळाटाळ करतात त्यांना तिथेच नमस्कार करावा.

मग शाळेबद्दल विचारा. मी कोणत्या इयत्तेला मदत करणार? वर्गात किती मुलं आहेत? तासाला मुख्य शिक्षक हजर असतील का? माझ्याआधी कोण होतं, त्यांच्याशी बोलता येईल का? मी नसेन तेव्हा इंग्रजी कोण शिकवतं? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. 'कुणीच नाही, स्वयंसेवकच शिकवतात' असं उत्तर आलं तर तिथे जाऊ नका. दर दोन महिन्यांनी नवा चेहरा येऊन 'ए फॉर ॲपल'पासून सुरुवात करतो अशा शाळेत मुलं काही शिकत नाहीत, आणि तिथल्या स्थानिक शिक्षकाची जागा भरली जात नाही ती वेगळीच.

आता अनाथालयांबद्दल, आणि इथे मी कडक बोलणार आहे. अनाथालयात राहून मुलांना इंग्रजी शिकवा, अशी जाहिरात दिसली की पुढे सरका. नेपाळ आणि कंबोडियासारख्या देशांत अशा अनेक घरांतल्या मुलांचे आईवडील हयात असतात. परदेशी पाहुणे आणि त्यांचे पैसे येत राहावेत म्हणून गरीब घरातली मुलं गावाकडून आणली जातात, असं वारंवार उघड झालं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही २०१९ मध्ये बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयातल्या स्वयंसेवेच्या दुष्परिणामांची दखल घेतली. मुलाला तुमचा लळा लागतो आणि तुम्ही निघून जाता, हे त्याच्या वाट्याला वर्षातून कितीदा यावं? दिवसा भरणारी आणि संध्याकाळी मुलं आपापल्या घरी जाणारी शाळाच निवडा.

चांगल्या संस्थेची एक सोपी खूण म्हणजे ती तुमचीही चौकशी करते. पोलिसांचा दाखला मागते, संदर्भ मागते, मुलांच्या सुरक्षेचे नियम सही करून घेते. जी संस्था फोटो आणि पैसे एवढंच मागते ती मुलांची काळजी घेत नाही, मग तुमची काय घेणार?

कागदपत्रं

पासपोर्ट पहिला. बडोद्यात पासपोर्ट सेवा केंद्र आहे आणि ते अहमदाबादच्या विभागीय कार्यालयाखाली येतं. प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टचं नेहमीचं शुल्क १५०० रुपये, तत्काळ हवा तर २००० जास्त. लहानपणी काढलेला पासपोर्ट असेल तर त्यावरची तारीख पाहा. अल्पवयीनांचा पासपोर्ट सहसा ५ वर्षांचाच असतो. परतीच्या तारखेनंतर किमान ६ महिने मुदत शिल्लक असावी. जन्मदाखल्यावर, दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि आधारवर नाव एकसारखं आहे का ते आत्ताच बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव कुठे मध्ये, कुठे शेवटी, कुठे 'भाई' लावून येतं आणि मग सगळं अडतं.

पासपोर्ट हातात आला की पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. परदेशासाठीचं पीसीसी पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरूनच मागायचं, शुल्क ५०० रुपये. पोलीस ठाण्यातून मिळणारा साधा दाखला वेगळा, तो परदेशी संस्था घेत नाहीत. फार लवकरही काढू नका, बऱ्याच ठिकाणी ताजाच लागतो.

फ्रान्ससारख्या देशासाठी पदवीवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचा शिक्का, लागू शकतं. भारत २००५ पासून त्यासाठीच्या हेग करारात आहे. प्रक्रिया अशी की आधी राज्य पातळीवर पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. यात आठवडे जातात, म्हणून मुलाखतीचं पत्र येण्याआधीच चौकशी सुरू करा. व्हिसा अर्जासाठी अहमदाबाद किंवा मुंबईच्या फेऱ्या धरून चाला.

शाळेकडून येणाऱ्या निमंत्रणपत्रावर कामाचं स्वरूप, तारखा, आठवड्याचे तास, राहण्याची जागा आणि शाळेचा नोंदणी क्रमांक असावा. नेपाळला व्हिसा लागत नसला तरीही हे पत्र मागा.

पैसे आणि तब्येत

खर्चाचा अंदाज लिहिताना लोक प्रवास आणि जेवण लिहितात आणि बाकी विसरतात. विमा, लसी, परवान्याचं शुल्क, सिमकार्ड, शनिवार-रविवारचं फिरणं आणि अचानक परत यावं लागलं तर लागणारं तिकीट. हे शेवटचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याला हात लावू नका. बाबांना सांगा की हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे, ते लगेच सहमत होतील.

नेपाळी रुपयाचा भारतीय रुपयाशी दर बांधलेला आहे. आपले १०० म्हणजे तिथले १६०. सोबत शंभराच्याच नोटा न्या, मोठ्या नोटांच्या नियमांत बदल होत राहतात. २०२४ पासून तिथल्या बऱ्याच दुकानांत क्यूआरवर आपलं यूपीआयही चालतं, पण डोंगरातल्या दुकानात नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. बाकी देशांसाठी फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोकड.

प्रवास विमा घेताना त्यात 'स्वयंसेवा' किंवा शाळेतलं काम वगळलेलं नाही ना, हे वाचा. विषमज्वर आणि कावीळ अ यांच्या लसी डॉक्टरांना विचारून घ्या. खेड्यात राहणार असाल तर कुत्रा चावण्याआधी घ्यायच्या रेबीजच्या लसीबद्दलही विचारा. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या आफ्रिकन देशांत जाणाऱ्यांना त्याची लस निघण्याआधी किमान १० दिवस घ्यावी लागते, तीही फक्त सरकारमान्य केंद्रात. दाखला आयुष्यभर चालतो. तो नसेल तर परत आल्यावर भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

खाण्याचं काय, हा आजीचा प्रश्न असतो. नेपाळात शाकाहारी माणसाचं डाळभातावर उत्तम चालतं. थेपले आणि चेवडा न्याच, पण पहिल्या आठवड्यापुरते. रोज खोलीत बसून घरचं खाणाऱ्याला यजमान घरात जागा मिळत नाही. मुलगी एकटी जाणार असेल तर शाळेने ठरवलेल्या कुटुंबात राहणंच उत्तम. आधी त्या घरातल्या बाईंशी व्हिडिओवर आईचं बोलणं करून द्या, हिंदीत सहज होतं. पोहोचल्यावर तिथल्या भारतीय दूतावासाकडे नाव-पत्ता नोंदवा.

शाळेत पोहोचल्यावर

पहिला आठवडा शिकवू नका. मागच्या बाकावर बसा, शिक्षकांची पद्धत पाहा, मुलांची नावं वहीत देवनागरीत लिहून पाठ करा. शिक्षकांना 'सर', 'मिस' म्हणतात तसंच म्हणा, आणि त्यांच्या उच्चारातली चूक कधीही, कुणासमोरही दाखवू नका. तुम्ही जाणार आहात, त्यांना त्याच वर्गासमोर वर्षभर उभं राहायचं आहे.

दुसऱ्या आठवड्यापासून शिक्षक जो धडा घेत आहेत त्यालाच जोडून काम मागा. ४० मिनिटांच्या तासाचा एक साचा चालतो. ५ मिनिटं कालचे शब्द. मग १० मिनिटं छोटा संवाद, तुम्ही आणि शिक्षक मिळून म्हणून दाखवायचा. विषय मुलांच्या ओळखीचा घ्या, भाजीबाजारातला भाव विचारणं घ्या, लंडनची भुयारी रेल्वे नको. सगळ्या वर्गाने एकदा मोठ्याने म्हणायचं, मग १५ मिनिटं जोड्यांत, भाव बदलत, भाजी बदलत. तुम्ही फिरत ऐकायचं. उरलेल्या वेळात वहीत ३ वाक्यं. एवढंच. पहिल्या तासाला गोंगाट होईल. शेजारच्या वर्गाचे सर येऊन पाहतील. म्हणून जोडीकामाची कल्पना मुख्याध्यापकांना आधीच द्या.

कोणत्या देशातली मुलं कुठे अडखळतात हे थोडं माहीत असावं. थाई मुलांना शब्दाच्या शेवटचं व्यंजन जड जातं आणि 'र' आणि 'ल' एकमेकांत मिसळतात. स्वाहिली बोलणारी मुलं शब्दाच्या शेवटी स्वर जोडतात. नेपाळी मुलांच्या चुका तुम्हाला ओळखीच्या वाटतील, 'स्कूल'च्या आधी 'इ' लावणं तर आपल्याकडेही आहेच.

मुलांच्या बाबतीत काही नियम वाकवायचे नाहीत. एका मुलासोबत बंद खोलीत थांबायचं नाही. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत, पालकांची आणि शाळेची परवानगी असली तरी दोनदा विचार करायचा. मुलांना स्वतःचा नंबर द्यायचा नाही. एकट्यादुकट्याला भेटवस्तू द्यायच्या नाहीत, द्यायचंच तर खडू, पुस्तकं, शाळेला. आणि तिथले शिक्षक छडी वापरत असतील तर तुमच्या हातात ती कधीही येऊ द्यायची नाही. एखादी गंभीर गोष्ट दिसली तर मुख्याध्यापक आणि संस्था दोघांनाही लेखी कळवा.

साधारण तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो. घरची आठवण, त्याच त्या जेवणाचा वीट, वर्ग हलत नाही असं वाटणं. हे बहुतेकांना होतं. त्या दिवसांत घरी रोज फोन करू नका, आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी करा. आईचा आवाज ऐकला की लगेच तिकीट शोधायचा मोह होतो.

निघताना

शेवटच्या आठवड्याच्या बऱ्याच आधी अनुभवपत्र मागून ठेवा. त्यात इयत्ता, आठवड्याचे तास, केलेलं काम आणि तारखा असाव्यात. नेपाळात शाळेचे कागद विक्रम संवतात निघतात, आणि तिथलं संवत वैशाखात बदलतं. गुजरातेतल्यासारखं दिवाळीनंतर नाही. एप्रिल २०२६ च्या मध्यापासून तिथे २०८३ चा वैशाख. पत्रावर दोन्ही तारखा लिहून घ्या, नाहीतर गॅप अ‍ॅफिडेव्हिटला जोडताना बडोद्यातल्या कारकुनाला सत्तावन्न वर्षं पुढची तारीख समजावत बसावं लागेल. मुख्याध्यापकांची सही, शिक्का आणि शाळेचा ईमेल पत्ता पत्रावर हवाच.

तुम्ही वापरलेले धडे, चित्रं, शब्दांच्या यादी एका वहीत नीट उतरवून शिक्षकांच्या हाती द्या, कोणतं मूल कुठवर आलं आहे हेही लिहा. मुलांना जाण्याची तारीख किमान आठवडाभर आधी सांगा, शेवटच्या तासाला नाही. त्यानंतर कुणी येणार असेल तर त्याचा फोन नंबर संस्थेकडून घ्या आणि त्याला वर्गाबद्दल मोकळेपणाने सांगा, शौचालयाला पाणी कधी येतं इथपासून.